सांडव्यापलीकडचं दूध

चहाच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाई. मासोळी कशी बी शिजवा, भातात मीठ कमी पडू द्या, मुखरू तोंडातून शब्द काढणार नाई. पण चहा बिघडला तं माह्यं डोकसं फिरते. साऱ्या गावाले ठाऊक हाये. लग्नाघरी मी चहा प्याले बसलो की आचारी पाठ करून उभा राहते. पोरगी आचल गडचांदूरले देली, जावई सिमेंटच्या कामावर. पयल्यांदा तिच्या घरी गेलो तवा जावयानं सोताच्या हातानं चहा करून आणला. एक घोट घेतला अन् म्हणलं, "जावईबापू, हे कामावरून आणलं का घरीच कालवलं?" पोरगी दोन महिने बोलली नाई माह्याशी. बोलली नाई तं नाई. चहा चहासारखा पाहिजे.

सात वर्षाचा होतो तवापासूनचं हे वेड. पौषातली थंडी, बापासंगं जाळं ओढत होतो, बोटं वाकेनात. बापानं तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चूल पेटवली अन् बशीत दोन घोट देले. तो चहा अजून माह्या जिभेवर हाये. आज त्रेसष्ट वर्षाचा झालो, रोज सकाळी तोच चहा शोधून राह्यलो, दुसरं काय.

आम्ही ढिवर लोक, मासोळ्या धरणारे. पोंभुर्ण्याच्या पल्याड आमचं गाव, अन् गावाले लागून मालगुजाराच्या टायमाचा तलाव. मी अन् माहा सोबती चैतू, दोघं एकाच होडीवर, डोंग्यावर. उजाडाच्या पयले जाळं काढतो, मंग पाळीवर तीन दगडाची चूल मांडतो अन् तिथी चहा करतो. घरी गॅस हाये. पण गॅसवर चहा शिजत नाई, नुसता तापते. लाकूड पाहिजे धावड्याचं. पळसाचं टाकलं तं धूर चहात उतरते. पाण्यात साखर पयलेच टाकाची. पाणी गुणगुणाले लागलं की पत्ती, एक उकळी येऊ द्याची. मंग ठेचलेलं अद्रक. किसलेलं नाई, किसणारा माणूस आळशी असते. दूध सगळ्याच्या शेवटी, अन् उतरवल्यावर वरतं ताट झाकून पन्नास मोजाचे. लोकं पन्नास मोजत नाईत. पन्नास मोजाले काय जाते बाप्पा?

अन् दूध म्हशीचं, त्याच सकाळचं. पावडरीचं दूध माह्या चहाच्या गंजात कधी पडलं नाई, हे मी चारचौघात छाती ठोकून सांगत होतो. डोळे बांधून चहा द्या म्हणत होतो, घोट घेऊन सांगतो दूध कुठचं हाये ते.

ते दूध येये दूधवाल्या बापूजीच्या गोठ्यातून. बापूजीच्या चार म्हशी, पण गोठा गावात नाई, तलावाच्या पल्याड, सांडव्याच्या पलीकडे. पावसाळ्यात तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून वाहून जाते तो सांडवा. बाकी दिवस तिथी नुसते दगड अन् एखादं डबकं, दोन्ही बाजूले माणूसभर उंच बेशरमाची झुडपं. त्याच्या मांगं बांबू, अन् बांबूच्या मांगं सारं जंगलच.

कुंता, माही बायको, रोज सकाळी बरणी घेऊन घरून निघे. सांडवा ओलांडून गोठ्यात जाये, दूध घेये, त्याच वाटेनं परत येये अन् पाळीखालच्या चिचेच्या झाडापाशी वर चढे. गावाकडची वाट बी त्याच चिचेपाशी येऊन मिळते. पाऊण घंटा लागे तिले. तोवर आमची चूल पेटलेली राहे. तिनं बरणी ठेवली की मी पयले बरणीले हात लावून पाहत होतो. गरम. झाकण काढलं की वरतं फेस.

"पाह्य चैतू," मी म्हणत होतो, "याले म्हणते धारोष्ण. म्हशीच्या आचळातून सरळ गंजात."

चैतू खालतं पाहून चहा पिये. कमी बोलणारा माणूस हाये तो.

मागच्या वर्षी मोहाच्या सीझनात गावातल्या रुखमाले वाघानं नेलं. मोहफुलं वेचाले वाकली होती बिचारी. टोपली जागेवरच राह्यली, अर्धी भरलेली. कुंता तवा तिच्यापासून दोन झाडं पलीकडे होती. तिनं आवाज ऐकला. काय आवाज ऐकला ते तिनं मले सांगतलं नाई अन् मी बी विचारलं नाई. त्याच्यानंतर फारेस्टवाल्याईनं बोर्ड लावला, जंगलात एकट्यानं जाऊ नका, चार-पाच मिळून जा, आवाज करत जा. बाया ऐकतात. पण दुधाले चार-पाच बाया कुठून आणाच्या?

कुंता म्हणाली होती मले, "मले त्या सांडव्याकून बरं नाई वाटत जी."

मी म्हणलं, "वाघ जंगलात राहते वो. पाळीवर काय मासोळ्या पकडाले येते काय?" अन् हसलो. खरंच हसलो होतो मी. बाईचं भेव चार दिवसाचं, असं वाटलं मले. अन् पावसाळा लागला तवापासून तिनं तो विषय काढलाच नाई. बरणी घेऊन जाये, गरम बरणी घेऊन येये. मी म्हणलं, चला, गेलं भेव.

आता त्या दिवसाचं सांगतो. ह्या पौषातलंच हाये. आदल्या दिवशी दूध मले जरा पातळ वाटलं होतं. मी कुंतावर चढलो. "बापूजी पाणी टाकून राह्यला अन् तू आंधळ्यावानी घेऊन येते! उद्या त्याच्या समोर उभी राह्य, डोळ्यानं धार पाह्य, मंगच बरणी भर. उशीर झाला तं होऊ दे."

ती म्हणाली, "बरं जी."

त्या सकाळी तलावावर धुकं होतं. जाळ्यात दोन मोठे रोहू, बाकी चिल्लर. डोंगा काठाले लावला, मी चूल पेटवली, पाणी ठेवलं. धुकं हळूहळू वरतं उठून राह्यलं होतं. चैतू जाळं झटकत होता. तेवढ्यात सांडव्याकून वानर खेकारलं. एकच. मंग सारीच खेकाराले लागली, बांबूवर उड्या मारून मारून. टिटवी उठली अन् वरच्या वर घिरट्या घालत ओरडत राह्यली.

चैतूनं जाळं हळूच खालतं ठेवलं. "भाऊ," तो म्हणाला, "हालू नको."

पयले मले काहीच दिसलं नाई. मंग बेशरमात दोन कान दिसले. मंग डोकं. अन् मंग ती सारीच्या सारी बाहेर आली, सांडव्याच्या दगडावर, जशी आपल्या घराच्या ओसरीवर यावं तशी. वाघीण. आमच्यापासून दीडशे पावलं असन, जास्त नाई. तिनं खालतं वाकून डबक्यातलं पाणी पेलं. लपलप आवाज इथवर आला. मांगून दोन पिल्लं निघाली. पिल्लं कायचे, वासराएवढे होते. पाणी पिऊन झाल्यावर ती दगडावर पसरली. सूर्य वर आला होता, दगड गरम होऊन राह्यले होते. तिले काही घाई नव्हती.

त्रेसष्ट वर्षं जंगलाच्या पोटात राहून बी मी एवढ्या जवळून वाघ पाह्यला नव्हता. आम्ही पाण्यावरची माणसं. मले वाटलं, आपून पाळीवर उंचावर हाओत, डोंगा बाजूले हाये, काही झालं तं डोंग्यात उडी मारू. म्हणजे पयले मी सोताचाच विचार केला. हे बी सांगाले पाहिजे.

मंग ध्यानात आलं. कुंता.

तिच्या घरून निघण्याले पाऊण घंटा होऊन गेला होता. म्हणजे ती गोठ्यात असन, नाई तं निघाली असन. येणार ती सांडव्यावरूनच. त्या दगडावरून. बेशरम माणूसभर उंच, समोरचं दिसत नाई. ती बरणी सांभाळत, खालतं पाहत येईन, अन् बेशरमातून बाहेर निघन ते सरळ पिल्लाईच्या मधात.

"फोन लाव," मी म्हणलं अन् मीच खिशातून मोबाईल काढला. चैतूनं माहा हात पकडला.

"कोणाले लावतो?"

"कुंताले, अजून कोणाले!"

"ती जवळ आली असन तं? फोन बेशरमात वाजन. ती उभी राहून हॅलो हॅलो करन. पिल्लं हायेत गा भाऊ संगं. पिल्लंवाली थांबत नाई."

खरं होतं. कुंताचा फोन गळ्यात पिशवीत लटकलेला राहते, वाजला तं आर्धं गाव ऐकते, अन् ती बोलते बी तशीच, जसं काही फोन नाई, हाक मारून राह्यली. माह्यं बोट बटनावर अन् मले ते दाबता येईना. दाबलं तं मी मारली, नाई दाबलं तं बी मीच मारली. असं कधी कोणाचं झालं असन?

"बापूजीले लाव," चैतू म्हणाला. "तिले तिथीच थांबव म्हण."

लावला. वाजत राह्यला, उचलला नाई. दूध काढताना हात कुठी मोकळे राहतात? पुन्हा लावला. तिकडे वाघिणीनं एक पाय चाटाले घेतला. पिल्लं एकमेकाच्या आंगावर पडत होते. चुलीवर पाणी गुणगुणाले लागलं होतं, अन् माह्या हातानं सवयीनं पत्ती टाकली. काय करून राह्यलो ते मलेच कळलं नाई. आयुष्यभर ज्या हाताले जे शिकवलं ते हात करत राहते, माणूस मेला तं बी करत राहीन.

तिसऱ्यांदा बापूजीनं उचलला.

"बापूजी," मी हळू आवाजात म्हणलं, "सांडव्यावर वाघीण बसली हाये. कुंताले सोडू नको. तिथीच थांबव तिले."

"कुंताबाई?" बापूजी म्हणाला. "कुंताबाई नाई आली गा इथी. ते तं..."

अन् आवाज तुटला. नेटवर्क गेलं. आमच्या तलावावर नेटवर्क म्हणजे पाहुणा, आला तं आला. मी फोन वरतं धरला, खालतं धरला, डोंग्यावर चढून धरला. काही नाई.

कुंता आली नाई. घरून निघाली त्याले घंटा होत आला, अन् गोठ्यात पोचलीच नाई. अन् वाटेवर वाघीण बसली हाये, पोट भरल्यावानी, पाय चाटत.

मी चैतूकडे पाह्यलं.  काही बोलावं असं त्याले वाटत होतं, ओठ हालले बी, पण तेवढ्यात एक पिल्लू बेशरमात घुसलं अन् तोंडात काहीतरी धरून बाहेर आलं. ओढत होतं ते. लांब, मऊ, लाल.

कुंताची शाल लाल हाये. आचलनं दिवाळीले देलेली.

"लाल हाये," मी म्हणलं.

"लाल कपडा कोणाचा बी असते भाऊ," चैतू म्हणाला. "तू थांब. आईक माह्यं. कुंताबाई तिकडे..."

मी काही आईकलं नाई. मी उठलो. चुलीवर गंजात चहा उकळून वर येत होता, दाट, तांबडा, जसा पाहिजे तसाच. तो गंज मी कानाले धरून उचलला, हात भाजला, अन् सारा चहा मातीत फेकून देला. चांगल्या चहाचा एक घोट बी ज्यानं कधी टाकला नाई, त्यानं. दुसऱ्या हातात चुलीतलं धगधगतं लाकूड घेतलं अन् गंजावर मारत सुटलो. ठण ठण ठण. अन् ओरडत, काय ओरडत होतो ते ठाऊक नाई. चैतू म्हणते, मी वाघिणीले आईवरून शिव्या देऊन राह्यलो होतो.

चैतू बी मांगं आला, वल्हं घेऊन. मैतर म्हणावं तं असा.

वाघीण उठून उभी राह्यली. तिनं माह्याकडे पाह्यलं.  ती गुरगुरली नाई, पयले नुसती शेपटी हालली. मंग एकदम दोन उड्या पुढं आली अन् असा आवाज काढला का माह्या छातीतलं सारं सैल झालं. लुंगी ओली झाली. उरलेला चहा सांडला का दुसरं काही, मले ठाऊक नाई, अन् चैतूनं आजपर्यंत विचारलं नाई. मी गंज वाजवत राह्यलो. हात थांबतच नव्हता.

ती थांबली. मांगं वळून पिल्लाईकडे पाह्यलं. अन् मंग वळली, बेशरमातून, बांबूकडे, पिल्लं तिच्या मांगं. लाल कापड दगडावर टाकून गेले.

मी धावलो. चैतू मांगून ओरडत होता, थांब, थांब, ती गेली नसन, पण थांबतो कोण? कापड उचललं. शाल नव्हती. सांडव्याच्या कोपऱ्यात वाघोबाचं ठाणं हाये, शेंदूर फासलेला दगड, लोकं त्याले लाल कापड बांधतात. तेच होतं, जुनं, विटलेलं. मी ते छातीशी धरून तिथीच बसलो अन् रडलो. मंग आठवलं, शाल नाई तं कुंता कुठी हाये?

"कुंता! कुंता वो!"

आवाज बांबूत जाऊन परत आला. मी बेशरमात घुसलो, गोठ्याच्या वाटेवर. चप्पल पाहत होतो. बरणी पाहत होतो. रक्त पाहत होतो, खोटं कायले बोलू. अन् वाट पाहत पाहत मी थांबलो, कारण वाट नव्हतीच. घुडघाभर गवत उभं होतं. बेशरम दोन्हीकून येऊन एकमेकात गुतलं होतं. एका फांदीपासून दुसऱ्या फांदीपर्यंत कातीणीचं जाळं, त्याच्यावर धुक्याचं पाणी, अन् जाळं अख्खं. एक धागा तुटला नव्हता. ती वाट मोडली होती. आजची नाई, महिन्याची नाई. पावसाळ्यापासून त्या वाटेवर कोणाचा पाय पडला नव्हता.

मी तिथी उभा राह्यलो. डोकशात काही शिरेना. रोज सकाळी बायको दुधाले जाते, अन् वाटेवर गवत उभं हाये.

"तिकडं काय करून राह्यले जी तुम्ही?"

आवाज मांगून आला, पाळीकून. वळून पाह्यलं. चिचेखाली कुंता उभी होती. आंगावर लाल शाल, हातात बरणी.

मी कसा परत आलो, आठवत नाई. जवळ गेलो अन् तिच्या खांद्याले हात लावला, मंग दुसऱ्या खांद्याले लावला. ती माह्याकडे पाहे, माह्या भाजलेल्या हाताकडे पाहे, चेपलेल्या गंजाकडे पाहे.

"वाघीण होती," चैतू म्हणाला. "सांडव्यावर. पिल्लं घेऊन. मुखरूभाऊले वाटलं तुमी तिकून येऊन राह्यल्या."

कुंता मटकन खालतं बसली. बरणी मांडीवर घेतली अन् दोन्ही हातानं घट्ट धरली.

"कुठून आली तू?" मी म्हणलं.

तिनं शालीचं टोक बरणीवर ओढलं.

"कुंता, दूध कुठचं हाये हे?"

"नूरीबाईकडचं," ती म्हणाली. खालतं पाहून. नूरीबाईचं किराण्याचं दुकान हाये, गावातच, बसथांब्यापाशी. "पावडरीचं हाये. तिच्या गॅसवर गरम करून घेतो मी. आज तिचा गॅस संपला, लाकडं पेटवाले उशीर झाला."

मी बरणीले हात लावला. गरम. झाकण काढलं. वरतं फेस.

"फेस?"

"बरणी हालवत हालवत येतो जी."

सात महिने. सात महिने मी पावडरीचा चहा पिऊन राह्यलो होतो अन् धारोष्ण धारोष्ण म्हणून गावभर मिरवून राह्यलो होतो. दुसरा कोणता दिवस असता तं मी तिथीच आकाश-पाताळ एक केलं असतं. पण त्या दिवशी मी त्या पावडरीच्या पाया पडाले तयार होतो.

"मले भेव वाटे," कुंता म्हणाली. "रुखमाचा आवाज येये मले त्या बेशरमातून. रोज येये. पाय उचले नाई."

"मंग सांगाचं ना मले!"

"सांगतलं ना जी," ती म्हणाली. "तीनदा सांगतलं. पयले तुम्ही हसले. दुसऱ्यांदा म्हणले, पावडरीचा चहा प्याच्यापरीस माणसानं जहर प्यावं. तिसऱ्यांदा तुम्ही कप फेकला."

कप मले आठवला. निळ्या फुलाचा होता. चहा पांचट झाला म्हणून फेकला असं माह्या डोकशात होतं. त्याच्या आंधी ती काय बोलली होती, ते आता आठवलं.

मी चैतूकडे वळलो. "तुले माईत होतं?"

चैतूनं डोकं खाजवलं. "साऱ्या गावाले माईत हाये भाऊ. बापूजीनंच तिले म्हणलं होतं, बाई, येऊ नको एकटी. काल तू तिले धार पाह्य म्हणला म्हणून पयले मले बी वाटलं, आज गेली असन; मंग मघाशी सांगून राह्यलो होतो, तू आईकलं नाई."

"मघाशी सोड. सात महिने काऊन नाई सांगतलं मले?"

चैतूनं हातातलं वल्हं खालतं ठेवलं. बोलली ती कुंता.

"तुमचं भेव वाटे साऱ्याईले," ती म्हणाली. रागानं नाई, जसं पाणी भरलं का नाई ते सांगावं तसं. "वाघाचं भेव एक अन् तुमचं एक. वाघाले टाळता येये, म्हणून वाघाले टाळलं. तुमाले कुठी टाळू? आज उशीर झाला तं येता येता हातपाय कापून राह्यले होते माह्ये. वाघाच्या भेवानं नाई. आज तुमाले कळलं तं, ह्या भेवानं."

 मी चेपलेला गंज धुतला, पाणी घेतलं. आगपेटीची काडी पेटेना. कुंतानं माह्या हातून आगपेटी घेतली. चहा तिनंच केला. साखर, पत्ती, अद्रक. दूध टाकताना ती क्षणभर थांबली अन् मंग बरणी उपडी केली. उतरवल्यावर ताट झाकलं अन् मनातल्या मनात मोजाले लागली. तिचे ओठ हालताना मले दिसत होते. पन्नास, पूर्ण पन्नास.

कप माह्या हातात आला. मी पयला घोट घेतला.

कुंता माह्या तोंडाकडे पाहत होती. हे तिचं रोजचं हाये. मी पयला घोट घेतो तवा हातातलं काम सोडून, श्वास धरून माह्याकडे पाहते. एकोणचाळीस वर्षं झाली लग्नाले. मले वाटे, तारीफ ऐकाची हाये बाईले. पण असं पाहणं आता मले कळत होतं. घंटाभराच्या पयले मी बी त्या बेशरमाकडे असंच पाहत होतो.

"चांगला झाला," मी म्हणलं.

ती पाहतच राह्यली, पुढं काय येते म्हणून.